गिरणीचा वळसा

"काय लिहितीस गं त्या कागदावर?"

मी दचकून मान वर केली. सकाळपासून त्या थांब्यावर माणूस म्हणून दिसलं नव्हतं. सात नंबरची गाडी चार वेळा आली, थांबली, कंडक्टरनं रिकाम्या रस्त्याकडे बघून घंटी मारली आणि गाडी निघून गेली. चारही रकान्यांत मी शून्य मांडलं होतं. आता समोर एक म्हातारी उभी होती. काटक अंगाची, नऊवारी लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, काखेत रिकामी पिशवी.

"किती माणसं चढतात, किती उतरतात, ते लिहिते," मी म्हणाले.

"मग किती चढली?"

"अजून कुणी नाही."

"आनि दिसभर कुनीच न्हाई चढलं तर?"

"तर शून्य लिहायचं."

ती दगडी बाकावर टेकली. बाकावरच्या शेडचे पत्रे कधीच चोरीला गेले होते, नुसते चार खांब उरले होते. खाली बघत ती म्हणाली, "शून्य बघून तुझं सायेब काय म्हनल?"

"काय म्हणणार? रागावतील," मी हसून म्हणाले. "नवीन नोकरी आहे माझी. सांभाळून राहावं लागतं."

म्हणायचं म्हणून म्हणाले मी ते. ऊन चढायला लागलं होतं आणि कुणीतरी आपणहून बोलतंय याचंच मला अप्रूप वाटत होतं. तेवढ्यात दहा-वीसची गाडी वळणावर दिसली. म्हातारी उठली, पिशवी सावरली.

"कुठं निघालात, आजी?"

"लेकीकडं," ती म्हणाली, आणि दांडी धरून वर चढली. मी त्या दिवसातला पहिला एक मांडला.

ही चौऱ्याऐंशी सालातली गोष्ट. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. माझे यजमान, सूर्यकांत, शहर बसमध्ये कंडक्टर होते. आदल्या वर्षी कावीळ झाली आणि सतरा दिवसांत सगळं आटोपलं. त्यांच्या जागी मला ऑफिसात कारकुनाची नोकरी मिळाली. ती धाकट्या दिराला मिळावी असं सासरच्यांचं म्हणणं होतं. मी सही दिली नाही. मग त्या घरात पाणी प्यायलाही परकं वाटायला लागलं, आणि एक दिवस मी ट्रंक घेऊन तेलघाण्याच्या गल्लीत एका खोलीत राहायला आले. माहेरी भाऊ-भावजय होते, त्यांनी ये म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ऑफिसात वाहतूक शाखेत सात पुरुष आणि मी. कुणी वाईट वागलं नाही, खोटं कशाला बोलू? पण कुणी बोललंही नाही. हसत-खिदळत येणारा माणूस माझ्या टेबलाजवळून जाताना आवाज खाली घ्यायचा, एखाद्या सुतकाच्या घरावरून जावं तसा. शनिवारी दुपारी ऑफिस सुटताना "येते" म्हटलं की माझं बोलणं संपायचं. ते सोमवारी अकरा वाजता पुन्हा सुरू व्हायचं. मधल्या वेळात आपला आवाज आहे की गेला, हे बघायला मी कधी कधी भांडी घासताना मोठ्यानं आकडे म्हणत असे.

आणि अशात मोजणीचं काम आलं.

आमचे वाहतूक अधिकारी रेवणकर साहेब. कडक, पण आत-बाहेर एक असलेला माणूस. त्यांनी मला बोलावून टेबलावर शहराचा नकाशा पसरला.

"बिराजदारबाई, हा सात नंबर. स्टेशनपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. आता इथं बघा." त्यांनी बारव चौकावर पेन्सिल ठेवली. "इथं गाडी हमरस्ता सोडते, आत शिरते, बंद गिरणीच्या भिंतीला वळसा घालते आणि पुन्हा हमरस्त्याला लागते. जाताना नऊ मिनिटं, येताना नऊ मिनिटं. गिरणी बंद होऊन पाच वर्षं झाली. आपली गाडी अजून तिला प्रदक्षिणा घालतेय."

"मग काढायचा का वळसा, साहेब?"

"लोक नसतील तर काढायचा. तेवढ्या वेळात हीच गाडी टाकीच्या पुढं विडी वसाहतीपर्यंत जाऊन येईल. त्यांचा अर्ज आलाय ना?"

आला होता. मीच नोंदवला होता. आठवड्यापूर्वी नरसम्मा येमूल नावाची बाई तो घेऊन आली होती. चाळिशीची असेल. नखं तंबाखूनं पिवळी पडलेली, केसांत अबोलीचा गजरा. अर्जाखाली दोनशे चौदा सह्या आणि अंगठे होते, त्यातले अंगठेच जास्त, पहिला अंगठा तिचाच.

"आमी चालत येतोय ओ बाई," ती माझ्या टेबलावर हात टेकून म्हणाली होती. "वसाहतीपासून टाकीपर्यंत बस न्हाई. डोक्यावर विड्यांची टोपली. कारखान्याचं दार साडेआठला लागतंय. उशीर झाला की विड्या परत घेऊन जायचं. दुसऱ्या दिवशी त्या वाळल्या म्हणतेत आनि निम्म्या फेकून देतेत."

मी नोंदवहीत लिहून घेतलं. "तीनशे अठरा नंबर आहे तुमच्या अर्जाचा. लक्षात ठेवा."

"तीनशे अठरा," ती पुटपुटली. "साहेब चांगले हायत का ओ?"

"चांगले आहेत."

"मग बस देतील," ती म्हणाली आणि एवढ्यावर समाधान मानून गेली.

तर साहेबांनी नकाशाची घडी घातली आणि मला बजावलं, "सहा दिवस त्या थांब्यावर बसा. मोजणी खरी हवी. तिथं खरोखर माणसं चढत असतील तर मी वळसा मोडणार नाही. आणि नसतील, तर त्या बायकांचा काय दोष?"

अशी मी गिरणीच्या थांब्यावर आले होते.

दुसऱ्या दिवशी म्हातारी नऊलाच आली. तिसऱ्या दिवशी त्याहून आधी. हौसाबाई लोंढे तिचं नाव. गिरणीत रिळाच्या खात्यात तिनं सत्तावीस वर्षं काढली होती. नवरा फार पूर्वी गेलेला. गिरणीच्या चाळीत शेवटून दुसरी खोली तिची. बाकीच्या खोल्या रिकाम्या, कुणी दारं काढून नेलेली, कुणी चौकटी. गेटवरचा पहारेकरी सोडला तर त्या सगळ्या आवारात ती एकटीच राहत होती.

ती बोलायला लागली की थांबायची नाही. मला तेच हवं होतं.

"ही बस हाय न्हवं, ती आमी आनली," ती एकदा म्हणाली. "छप्पन साली. तीनशे बाया हुतो आमी. गावातनं चालत यायचो. भोंगा व्हायच्या आत दारात पाय पडला न्हाई तर खाडा. पोटुशा बाया बी चालत यायच्या. मग एक दिस ठरीवलं, आज गिरनीत जायचंच न्हाई. भाकरीची गठुडी घेतली आनि म्युनशिपालटीच्या आवारात जाऊन बसलो. तीन दिस बसलो. तिथंच भाकरी खाल्ली, तिथंच पोरं पाजली."

"मग?"

"मग काय! चौथ्या दिशी बस सोडली. पर ती वरच्या रस्त्यानं. आमी म्हनलं, ह्या दारापातुर आली पायजे. पुन्यांदा बसलो. तवा तिला वळवली हिकडं. पयल्या दिशी जॉबरनं, म्हंजे मुकादमानं, नारळ फोडला. ड्रायव्हर गेटात आला की हारन वाजवायचा, आनि त्याच्या मागनं भोंगा. आमी म्हनायचो, आधी आमचं वाजतंय, मग मालकाचं."

ती खुदुखुदू हसली. पुढचे दोन दात नव्हते तिला. दहा-वीसची गाडी आली, ती चढली, मी एक मांडला. रोजचं हे ठरलेलंच झालं.

"येताना कशा दिसत नाही तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"लेक सोडती की सांजच्याला. तू गेल्यावर."

चौथ्या दिवशी मी तिला सूर्यकांतबद्दल सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. अकरा महिन्यांत त्यांचं नाव मी कुणापुढं उच्चारलं नव्हतं. सासरी ते नाव भांडणात निघायचं आणि ऑफिसात फायलीत. मी म्हणाले, "याच गाडीवर होते ते, शेवटचं वर्षभर. तुम्ही पाहिलं असेल. उंच, सडपातळ. डावखुरे होते. तिकीट डाव्या हातानं फाडायचे."

हौसाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "डाव्या हातानं? व्हय की. आठवतो तर."

"खरंच?"

"लई गुनाचा. मी उतरताना हात द्यायचा मला. सावकास आजी, म्हनायचा."

मला रडू फुटलं. त्या उन्हात, त्या ओसाड रस्त्यावर, कागदांचा पुठ्ठा मांडीवर घेऊन मी ओक्साबोक्शी रडले. घरात माणूस गेलं तेव्हाही रडले होते, पण तेव्हा बघणारे होते, मोजणारे होते. ही म्हातारी नुसती शेजारी बसून राहिली. दहा-वीसची गाडी आली तरी ती उठेना. शेवटी मीच म्हणाले, "जा आजी, लेक वाट बघत असेल." तेव्हा ती गेली.

सहा दिवस संपले. सहा दिवसांत त्या थांब्यावर फक्त हौसाबाई चढली होती. रोज एक माणूस, एक फेरी. रविवारी दुपारी मी खोलीत कागद पुढ्यात घेऊन बसले. वळसा मोडला तर ती लेकीकडं कशी जाणार? त्या वयात हमरस्त्यापर्यंत कशी चालणार? तिची ती बस होती, तिनं बसून मिळवलेली. आणि सूर्यकांतनं तिला हात दिला होता. नरसम्माही आठवली, नाही असं नाही. दोनशे चौदा अंगठे आठवले. पण अंगठ्यांना तोंड नसतं, आणि हौसाबाईचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर होतं.

एकाच्या शेजारी एक काढला की अकरा होतात. शून्याला शेपूट ओढलं की नऊ होतात. शाई तीच, पेन तेच. सगळीकडे नऊ दिसायला नकोत म्हणून काही शून्यं मी तशीच ठेवली. तासाभराचं काम.

सोमवारी रेवणकर साहेबांनी कागद चाळले. "एवढी माणसं आहेत तिथं?" म्हणाले. मी म्हणाले, "मागच्या झोपडपट्टीतून येतात." साहेबांनी चष्मा वर सरकवला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली. वळसा कायम. विडी वसाहतीच्या अर्जाला उत्तर टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं. 'आपला अर्ज क्रमांक ३१८. सध्या जादा फेऱ्यांची सोय करणे शक्य नसल्याने.' दोन ओळी. ते पाकीट मीच चिकटवलं.

पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन हौसाबाईच्या घरी गेले. सात नंबरच्या गाडीनंच गेले. थांब्यावर मी एकटीच उतरले. चाळीच्या पुढं गवत कमरेएवढं वाढलेलं, त्यातून एक पायवाट. ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मला पाहून तिला काय करू नि काय नको झालं.

"आजी, तुमची बस राहिली," मी पेढा तिच्या हातावर ठेवला. "बंद होणार होती. मी होऊ दिली नाही."

"कंची बस?"

"ही. सात नंबर. तुम्ही लेकीकडं जाता ती."

तिनं पेढा तसाच हातात धरला. "लेक कुठली बाय मला? पोटाला मूल लागलं असतं तर ह्या चाळीत कशाला एकली पडले असते?"

मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. "मग रोज दहा-वीसला कुठं जात होता?"

"कुटं म्हंजे? तितनं दोन थांबं. उतरायचं आनि मागल्या भितीला भगदाड हाय, त्यातनं चालत घरी यायचं. मला कशाला लागती बस? बाजारहाट मी त्या भगदाडातनंच करते. गिरनी बंद झाल्यापास्नं मी बसमदी पाय ठिवला न्हवता."

"मग का आलात सहा दिवस?"

ती गोंधळली. मी असं काय विचारते, असं तिला वाटलं असावं. "तूच म्हनालीस न्हवं, शून्य आलं तर सायेब रागावल. नवी नोकरी हाय. आमच्या गिरनीत तसंच हुतं, रिळं कमी भरली की बाई घरी. तू आपली उन्हात उभी, आनि तुझ्या कागदावर कायच पडंना. म्हनलं, रोज एक तरी पडू दे पोरीच्या कागदावर."

मग जे मनात सगळ्यात खाली होतं ते वर आलं. गिरणी बंद झाली एकोणऐंशी साली. सूर्यकांत नोकरीला लागले ब्याऐंशीत.

"म्हणजे तुम्ही त्यांना पाहिलंच नव्हतं," मी म्हणाले.

हौसाबाईनं मान खाली घातली. सुपातली ज्वारी बोटानं इकडची तिकडं केली. "तू इतक्या आशेनं इचारलंस," ती म्हणाली. "न्हाई म्हनवंना गं."

ओट्याच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. मी ती बघत बसले. रागवायचं कुणावर, हेच कळेना.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "पर माझ्यासाठी गाडी ठिवली म्हंतीस, मग ती जानार कुटं हुती?"

मी सांगितलं. विडी वसाहत, टोपल्या, साडेआठचं दार, दोनशे चौदा अंगठे. सांगताना माझा आवाज लहान होत गेला. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. तिनं पेढा पुड्यात परत ठेवला.

"त्या बी चालत येत्यात?"

"हो."

"आनि तू त्यास्नी न्हाई म्हनून लिवलंस."

"हो."

ती उठली. सूप घेऊन आत गेली आणि दाराशी थांबून, पाठमोरीच म्हणाली, "आमी तीन दिस बसलो हुतो. जा. सांग जा सायबाला."

सांग जा म्हणणं सोपं असतं. मी तेवीस दिवस गप्प राहिले. नोकरी गेली तर खोली जाणार होती, आणि मग मी कुणाच्या दारात उभी राहणार होते? चोविसाव्या दिवशी मी सकाळी लवकर उठून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले. साडेसातच्या सुमारास बायका येताना दिसल्या. रस्त्याच्या कडेनं, एकीमागं एक, डोक्यावर टोपल्या. त्या बोलत नव्हत्या. चालून चालून बोलणं संपलं असावं. नरसम्मा मधेच कुठंतरी होती. टोपलीखालून तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळखल्यासारखं केलं, पण थांबली नाही. थांबायला वेळ नव्हता.

त्या दिवशी अकरा वाजता मी रेवणकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, गिरणीच्या थांब्याची मोजणी खोटी आहे. मी आकडे बदलले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खरे आकडे किती?"

"रोज एक."

"एक?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "कुणाच्या सांगण्यावरून केलंत हे?"

"कुणाच्या नाही. तिथं एक म्हातारी बाई राहते. तिच्यासाठी केलं."

"एका बाईसाठी. बरं. ती बाई रोज बसनं जाते?"

"नाही, साहेब."

"मग कधी जाते?"

"कधीच जात नाही."

साहेबांनी चष्मा काढला. दोन बोटांनी डोळे दाबले. मला वाटलं आता ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "तिकिटांवरून मला ताळा घेता आला असता. घेतला नाही. म्हटलं, बिराजदारच्या बाई आहेत, खोटं लिहिणार नाहीत." मग चष्मा परत लावला. "लेखी द्या सगळं. नोकरीचं मी बघतो. पण मोजणीचं काम यापुढं तुम्हाला नाही."

नोकरी राहिली. मेमो मिळाला, पुढची बढती अडली आणि माझी बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत झाली. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, चपला, एकदा तर तबल्याची जोडी. तळघरातली खोली, एक पिवळा दिवा. वाहतूक शाखेत निदान सात माणसं गप्प बसायची. इथं गप्प बसायलाही कुणी नव्हतं.

जूनच्या पहिल्या तारखेला सात नंबरचा वळसा मोडला. गाडी बारव चौकातून सरळ जायला लागली आणि टाकीच्या पुढं विडी वसाहतीपर्यंत पोचली. मी बघायला गेले नाही.

जुलैत एक दिवस माझ्या खोलीच्या दारात नरसम्मा उभी राहिली. अबोलीचा गजरा तसाच.

"टोपली राहिली ओ बाई बसमध्ये," ती धापा टाकत म्हणाली. "बोलत बसलो आणि विसरूनच उतरलो बघा."

टोपली आली होती. मी ती काढून दिली, वहीत सही घेतली. आता ती सही करत होती, अंगठा नाही. जाताना थबकली.

"तुमीच का ओ त्या? तीनशे अठरा नंबरवाल्या? पहिल्यांदा न्हाई म्हणून पत्र आलं, पण मग आली बस. आमच्या बाया म्हणतेत, त्या बाईनंच काहीतरी केलं असणार."

मी म्हणाले, "मी काही केलं नाही."

"असू द्या की," ती म्हणाली आणि टोपलीतल्या दोन विड्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "तुमच्या मालकांना द्या." ती गेल्यावर त्या विड्यांचं काय करायचं ते मला कळेना. किती तरी दिवस त्या वहीशेजारी पडून होत्या.

हौसाबाईकडं मी दर रविवारी जात राहिले. आता बारव चौकात उतरून पाऊण मैल चालावं लागे. साहेबांना सांगितलंस का, एवढंच तिनं पहिल्यांदा विचारलं. हो म्हटल्यावर तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मेमोचं मी बोलले नाही. म्हणाले, "मला आता स्वतंत्र खोली दिलीये ऑफिसात. एकटीची."

"बढती झाली म्हन की," ती म्हणाली, आणि इतकी खूश झाली की मी ते तसंच राहू दिलं. ती माझ्यासाठी एवढं खोटं बोलली होती, तर मलाही एक बोलता आलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी गेले तर खोलीला कुलूप. मी हाका मारल्या. शेवटी गेटवरचा पहारेकरी आला. त्यानं सांगितलं, चाळ पाडायची नोटीस लागली, म्हातारीचा भाचा बुधवारी टेम्पो घेऊन आला आणि तिला गावाकडं घेऊन गेला.

"कुठल्या गावाला?"

"ते नाही विचारलं. तुमची आठवण काढत होती. मला म्हणाली, मोजणीवाल्या बाईचा पत्ता दे. मी म्हटलं, मला काय ठाऊक? नाव काय तिचं, तर तिलाही सांगता येईना."

इतके महिने आम्ही एकमेकींशी बोललो होतो. तिनं मला पोरी म्हटलं, बाय म्हटलं. मी नाव सांगितलंच नव्हतं.

पुढं संक्रांत झाली. एक दिवस हजेरीपटावर सही करायला मी वर गेले, तर नोटीस बोर्डाशी तिघं-चौघं हसत उभे होते. मला बघून नेहमीप्रमाणे आवाज खाली आले. बोर्डावर टाचणीनं एक पोस्टकार्ड लावलं होतं. पत्ता होता, 'मोजनीवाली बाई, बस हापीस', आणि खाली शहराचं नाव. अक्षर शाळकरी मुलाचं, सांगून लिहून घेतलेलं.

आवक कारकून घोडके म्हणाले, "चार दिवस झाले येऊन. कुणाचं काही कळत नाही."

मी टाचणी काढली. कार्डावर लिहिलं होतं: 'भाच्याने वडगावला आनले. घर मोठे हाय. मानसे लई पन समदी शेतात जात्यात. दिसभर बोलाया कोन नाय. तुझे नाव इचारायचे राहिले ते कळव. हौसाबाई.'

"बाई, ते ऑफिसचं टपाल आहे," घोडके म्हणाले.

"माझं आहे," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मोजणीवाली मीच."

दुपारच्या सुट्टीत मी पोस्टात गेले. कार्डावर गावाचं नाव होतं, पण तालुका नव्हता. खिडकीतल्या माणसानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, शिक्का पुसट होता. म्हणाला, "आपल्या जिल्ह्यातच वडगाव तीन आहेत, बाई. यातलं कुठलं?"

मी म्हणाले, "तीन कार्डं द्या."